महामारी आणि मनाची धास्ती : मिलान नगरांतील दोन प्रसंग

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें इतिहासपर लेख लिहावयाचा म्हणजे तो देवळाच्या पायाच्या दगडापासून आरंभावा, अशी रीत आहे. ती कामगिरी ह्या अंकांत दुसऱ्या अधिकारी लेखकांनीं पार पाडली आहे. देऊळ कोणीं उभारलें, तुळयांचें लांकूड कोठून आलें, घंटेसाठीं वर्गणी कशी जमली, हें सर्व वाचकांस तेथें सांपडेल. आमच्या वांट्यास निराळा विषय आला. सन २०२० व २०२१ ह्या दोन सालांत आपल्या धर्मग्रामावर जें संकट ओढवलें त्याविषयीं कांहीं लिहावें, अशी स्मरणिका समितीची इच्छा दिसली. आम्हीं लेखणी हातीं घेतली आणि चार ओळी लिहून खालीं ठेवली. ज्या घरांतून माणूस गेलें, त्या घराला आमच्याकडून नवें कांहीं कळावयाचें नाहीं. आणि ज्या घरांतून गेलें नाहीं, तें घर त्या दिवसांची गोष्ट आतां काढूं इच्छित नाहीं.

परंतु एक गोष्ट मनांत राहिली. रोगी किती, बरे किती, दगावले किती, ह्यांचे आंकडे तेव्हां रोजच्या रोज छापले जात. बंद दाराआड निरोगी माणसाच्या मनाचें काय झालें, हें त्या आंकड्यांत नव्हतें. झोंप उडालेलीं, शेजारच्या खोकल्यानें दचकणारीं, आलेली भाजी तीनदां धुऊनहि हात न लावणारीं माणसें आम्हीं त्या दिवसांत पुष्कळ पाहिलीं, आणि त्यांत आम्ही स्वतः नव्हतों असें म्हणवत नाहीं. ‘ताण’ हा शब्द तेव्हां सर्वांच्या तोंडीं झाला. आमच्या वाडवडिलांचा शब्द ‘धास्ती’ असा होता, आणि तोच आम्हांस अधिक नेमका वाटतो. ह्या धास्तीशीं कसें वागावें हा प्रश्न नवा नाहीं. म्हणून आम्ही वाचकांस येथून पुष्कळ दूर, उत्तर इटलींतील मिलान नगरीं घेऊन जात आहों. ह्या एकाच नगरावर चौपन्न वर्षांच्या अंतरानें दोनदां प्लेग कोसळला; आणि दोन्ही वेळां लोकांच्या मनाची जी अवस्था झाली, तिचा वृत्तांत लिहून ठेवणारीं माणसें तेथें होतीं.

पहिला प्रसंग सन १५७६ चा. मिलान तेव्हां स्पेनच्या राजाच्या अंमलाखालीं होतें व त्याची वस्ती लाखाच्या वर होती. आदल्या वर्षापासून ट्रेंट, व्हेरोना, व्हेनिस ह्या बाजूनें रोगाच्या वार्ता येत होत्या. तरी ऑगस्ट महिन्यांत नगरामध्यें लेपांतोच्या आरमारी लढाईचा विजयी सेनापति डॉन जुआन ह्याच्या स्वागताची धामधूम चालली होती. रोग शिरल्याचें कळतांच पाहुणा निघून गेला. पाठोपाठ गव्हर्नर, मार्क्विस आयामोंते, विजेव्हानो ह्या गांवीं जाऊन राहिला. ज्यांच्यापाशीं गाडीघोडा व बाहेरगांवीं वाडा होता, त्यांनीं तोच कित्ता गिरविला. मागें राहिले ते कारागीर, मजूर, विणकर, चाकरमाणसें आणि भिकारी.

आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ, म्हणजे आपल्या लोकांस परिचित असलेले संत चार्ल्स, त्या वेळीं लोदीच्या बिशपांच्या मृत्युप्रसंगीं त्या गांवीं गेले होते. वय अवघें सदतीस. मामा चौथे पायस ह्या नांवानें पोप झाले म्हणून एकविसाव्या वर्षीं कार्डिनलची टोपी मिळालेला हा तरुण. त्याच्याविषयीं आरंभीं कोणीं फारशी आशा बाळगली नसावी. परंतु मिलानच्या आर्चबिशपांनीं मिलानमध्यें राहूं नये अशी जी सुमारें ऐंशी वर्षांची चाल पडली होती, ती १५६५ सालीं ह्यांनींच मोडली. आतां बातमी कळतांच ते नगरांत परतले. त्यांनीं आपलें मृत्युपत्र केलें, नगराच्या मोठ्या रुग्णालयास वारस नेमलें, आणि मग कामास आरंभ केला.

येथें त्या काळच्या वैद्यकाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्यावांचून पुढील गोष्टीचा अर्थ लागणार नाहीं. प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें सांपडला, आणि पिसू व उंदीर ह्यांचा संबंध त्यानंतर कळला. सोळाव्या शतकांतील वैद्य दूषित हवेला दोष देत. परंतु त्यांच्या ग्रंथांत मनाच्या विकारांविषयींहि एक प्रकरण बहुधा असेच. गालेन ह्या प्राचीन वैद्याच्या परंपरेप्रमाणें मनुष्याचें आरोग्य हवा, अन्नपान, झोंप, श्रम व विश्रांति इत्यादि सहा गोष्टींवर अवलंबून असतें. त्यांतील सहावी गोष्ट म्हणजे चित्तविकार. भयानें शरीरांतील ऊब आंत ओढली जाते, मनुष्य दुबळा होतो, आणि रोगाला दार उघडें मिळतें, असें ते मानीत. केवळ रोगाच्या कल्पनेनें रोग जडतो असेंहि कांहीं म्हणत. म्हणून त्यांचा उपदेश असा कीं, साथीच्या दिवसांत आनंदी असावें. बागेंत हिंडावें, वाद्यें ऐकावीं, गमतीच्या गोष्टी सांगाव्या, मृत्यूचें नांव काढूं नये. १३४८ सालच्या मोठ्या मरींत पिस्तोया नगरानें तर मयतीची घंटा वाजविण्यासच मनाई केली होती, कां तर रोगी माणसें घाबरतील! बोक्काच्चोच्या ‘देकामेरोन’ ग्रंथांतील सात तरुणी व तीन तरुण त्याच सालीं फ्लॉरेन्स सोडून टेकडीवरच्या वाड्यांत जातात व एकमेकांस कथा सांगत बसतात. तें ह्याच उपदेशाचें चित्र होय.

उपदेश वाईट नव्हता. फक्त तो ज्याच्यापाशीं बाग आहे त्याच्या उपयोगाचा होता. मिलानच्या विणकराला एक खोली, चार मुलें आणि बंद पडलेला माग एवढेंच धन. त्याला वाद्यें कोठून ऐकवावयाचीं? शिवाय ज्याच्या शेजारचें घर रोग्यासह खिळे ठोकून बंद केलें आहे, त्याला ‘आनंदी राहा’ म्हणून सांगणें हें निष्ठुरपणाचेंच नव्हे काय? आम्हांसहि २०२० सालीं असे संदेश दिवसांतून पन्नास येत, आणि ते पाठविणारे बहुधा चांगल्या हेतूनेंच पाठवीत.

आर्चबिशपांनीं प्रथम वैद्यांच्या अगदीं उलट केलें. ऑक्टोबराच्या आरंभीं त्यांनीं प्रायश्चित्ताच्या तीन मिरवणुकी काढल्या. स्वतः अनवाणी, गळ्यांत गुन्हेगारासारखा दोर, आणि हातीं क्रूस, ज्यांत मिलानच्या महामंदिरांतील प्रभूच्या पवित्र खिळ्याचा अवशेष बसविला होता. आरोग्याचे अधिकारी नाखूष होते. बाधित व संशयित कुटुंबांतील लोकांस मिरवणुकींत येण्यास मनाई होती, आणि चालणाऱ्यांनीं अंतर राखावें असें बजावलें होतें. तरी इतक्या जमावानें रोग वाढला नसेल असें आजच्या ज्ञानानें आम्हांस म्हणतां येत नाहीं. संतांच्या चरित्रकारांनीं ह्या मिरवणुकींचें वर्णन पानेंच्या पानें केलें आहे. आमच्या मतें त्यांचें खरें मोठेपण त्यानंतरच्या गोष्टींत आहे, आणि ती गोष्ट चित्रांत फारशी येत नाहीं.

ऑक्टोबराच्या अखेरीस सार्वत्रिक बंदीचा हुकूम निघाला. प्रत्येकानें आपल्या घरांत चाळीस दिवस राहावें. क्वारंटाइन हा शब्दच इटालियन भाषेंतील ‘चाळीस’ वरून आला आहे. पुढें ही मुदत वाढत गेली. आतां मिरवणूक शक्य नव्हती, देवळांत जमणें शक्य नव्हतें. कार्लो बोर्रोमेओ हे हट्टी गृहस्थ होते, राजसत्तेशीं त्यांचे खटके नेहमींच उडत. ते ह्या हुकुमाला विरोध करतील असें कोणासहि वाटलें असतें. त्यांनीं विरोध केला नाहीं. लोकांनीं घरांतच राहिलें पाहिजे हें मान्य करून, घरांत राहिलेल्या लोकांना आपण काय द्यावें, एवढाच प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला.

जें दिलें तें पाओलो बिशोला नांवाच्या येशूसंघीय धर्मगुरूनें १५७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत नमूद आहे. दिवसारात्रीं मिळून सात वेळां घंटा होई. घंटा झाली कीं लोक आपापल्या दारांत व खिडक्यांत येत. एक धर्मगुरु रस्त्यावर लितानी किंवा स्तोत्र सुरू करी, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून लोक त्याला उत्तर देत. सर्वांस शब्द ठाऊक असावे म्हणून प्रार्थनांच्या लहान पुस्तिका छापविल्या होत्या. एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत, एका पेठेंतून दुसऱ्या पेठेंत असा तो आवाज पसरे. सारें नगर एकाच वेळीं गात आहे आणि रस्त्यांत मात्र माणूस नाहीं, असा तो देखावा होता.

आम्हीं सेमिनरींत असतांना हा प्रसंग प्रथम वाचला, तेव्हां भक्तीचें एक सुंदर उदाहरण म्हणून वहींत टिपून ठेवला आणि विसरून गेलों. कोंडलेल्या घरांत महिनेच्या महिने बसण्याची पाळी आली तेव्हां त्यांतील शहाणपण उमगलें. धास्तीचा पहिला घाव वेळेवर पडतो. सकाळ आणि दुपार ह्यांतला फरक जातो. मंगळवार कीं गुरुवार तें आठवत नाहीं. आणि मन एकाच विचाराभोंवतीं घाण्याच्या बैलासारखें फिरूं लागतें. दिवसाचे सात तुकडे करणारी घंटा त्या फेऱ्यांतून मनुष्याला सात वेळां बाहेर काढते. त्याला उठावें लागतें, खिडकीपर्यंत चालावें लागतें, तोंड उघडावें लागतें. आणि समोरच्या खिडकींतून आवाज आला म्हणजे समोरचा मनुष्य आज जिवंत आहे, एवढें कळतें. आवाज आला नाहीं तर तेंहि कळतें, आणि कोणीतरी चौकशीस जातें. वैद्य सांगत होते कीं मृत्यूचा विचार टाळा; आर्चबिशप तो विचार टाळूं देत नव्हते, पण तो एकट्यानें करूं देत नव्हते.

डोळ्यांचीहि सोय केली होती. नगराच्या चौकाचौकांत उघड्यावर वेद्या उभारून तेथें मिस्सा होऊं लागली, म्हणजे भोंवतालच्या घरांतील लोकांना ती खिडकींतून दिसावी. पापनिवेदन घराच्या उंबऱ्याशीं होई. आंत निवेदन करणारा, बाहेर धर्मगुरु. साथ ओसरल्यावर त्या चौकांत क्रूसाचे स्तंभ उभे राहिले. त्यांतील बहुतेक अठराव्या शतकाच्या अखेरीस काढून टाकण्यांत आले. नगराच्या पूर्ववेशीबाहेर पूर्वीपासून लाझारेत्तो, म्हणजे साथीच्या रोग्यांसाठीं बांधलेली भली मोठी चौकोनी इमारत होती. चारी बाजूंनीं सुमारें २८० खोल्या आणि मध्यें मोकळें आवार. त्या आवाराच्या मध्यभागीं, सर्व बाजूंनीं उघडी अशी वेदी ठेवली कीं प्रत्येक खोलीच्या दारांतून ती दिसावी. पुढें तेथें देऊळ बांधलें, तेंहि खुल्या कमानींचें. ह्या लाझारेत्तोचा कारभार पाओलो बेल्लिंतानी नांवाच्या कापुचिन फादरांकडे होता. ते शिस्तीचे कडक होते, आणि अशा जागीं तसा मनुष्य लागतोच.

कोणीं असें समजूं नये कीं केवळ गाण्यानें पोट भरलें. व्यापार थांबल्यामुळें हजारों लोक उघडे पडले होते. आर्चबिशपांनीं आपलें चांदीचें सामान मोडलें, कर्ज काढलें, धान्य वांटलें. हिंवाळा आला तेव्हां वाड्यांतील पडदे व भिंतीवरचीं भरजरी वस्त्रें उतरवून गरिबांसाठीं कपडे शिवविले. नगरांत लाल-जांभळ्या वस्त्रांतले भिकारी दिसूं लागले. निरुद्योगी लोकांस रोग्यांची सेवा, साफसफाई व पहारा ह्या कामांवर लावलें. हातांस काम मिळणें हेंहि धास्तीवरचें औषध आहे, किंबहुना पहिलें औषध तेंच असेल. आरंभीं कांहीं धर्मगुरु रोग्यांकडे जाण्यास कचरले, हें आम्ही लपवून ठेवीत नाहीं. आर्चबिशपांना बाहेरून, अगदीं स्वित्झर्लंडच्या दऱ्यांतून, मदतीस माणसें बोलवावीं लागलीं.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडते. हे संत स्वतः रोग्यांकडे जात, त्यांना अंतिम संस्कार देत. परंतु रस्त्यानें चालतांना हातीं एक लांब काठी धरीत, म्हणजे निरोगी माणसांनीं आपल्यापासून दूर राहावें. देवावर विश्वास आहे म्हणून काठी नको, असें त्यांना वाटलें नाहीं.

साथ जानेवारी १५७८ मध्यें संपल्याचें जाहीर झालें. सुमारें सतरा हजार माणसें मेलीं. प्रार्थनेनें रोग हटला असें आम्ही म्हणत नाहीं. व्हेनिस येथेंहि प्रार्थना झाल्या आणि तेथें मृत्यूंची संख्या ह्याच्या कितीतरी पट होती. आम्ही एवढेंच म्हणतों कीं त्या पंधरासोळा महिन्यांत मिलानमधील माणूस माणसावर उठला नाहीं. विष पसरविणाऱ्यांविषयीं कुजबूज तेव्हांहि झाली होती, पण ती कुजबूजच राहिली.

आतां दुसरा प्रसंग, सन १६३० चा. ह्याची हकीकत अलेस्सांद्रो मान्झोनी ह्यांनीं आपल्या प्रसिद्ध कादंबरींत व पुढें ‘कलंकस्तंभाचा इतिहास’ ह्या स्वतंत्र ग्रंथांत दिली आहे, आणि ती वाचतांना आजहि अंगावर कांटा येतो. आर्चबिशप फेदेरीको बोर्रोमेओ, कार्लो ह्यांचे चुलत बंधु. विद्वान, दानशूर आणि निर्भय. त्यांच्या हाताखालील साठांहून अधिक धर्मगुरु रोग्यांची सेवा करतांना मेले, असें मान्झोनी लिहितात. म्हणजे ह्या वेळीं ख्रिस्तसभा पळाली होती असें मुळींच नाहीं. मग बिघडलें कोठें?

बिघडलें तें आरंभींच. जर्मन सैन्याबरोबर रोग आला तेव्हां अधिकारी व कित्येक वैद्य तो प्लेग आहे हें महिनोनमहिने कबूल करीनात. लुदोव्हीको सेत्ताला ह्या वृद्ध वैद्यानें, ज्यानें तरुणपणीं १५७६ ची साथ पाहिली होती, खरें तें सांगितलें. तर जमावानें त्यालाच घेरून शिव्याशाप दिले कीं नगरांत घबराट पसरविणारा हाच. ज्या धास्तीला नांव दिलें जात नाहीं, ती दुसऱ्या वाटा शोधते. मे महिन्यांत भिंतींवर पिवळट डाग दिसले म्हणून बोभाटा झाला. कोणीतरी विषारी मलम भिंतींना व दारांना फांसत आहे, अशी आवई उठली आणि नगरानें ती घट्ट धरली. लोकांनीं संत कार्लोंच्या देहाची मिरवणूक मागितली. फेदेरीको प्रथम नाहीं म्हणाले. त्यांना गर्दीचें भय होतें. अखेर त्यांना मान तुकवावी लागली. ११ जून रोजीं मिरवणूक निघाली आणि पुढल्या दिवसांत मृत्यु झपाट्यानें वाढले. लोकांनीं त्याचा दोष गर्दीला दिला नाहीं. मलम फांसणाऱ्यांनींच गर्दींत पूड टाकली, असें ठरलें.

दहा दिवसांनीं, २१ जूनच्या पहांटे, एका स्त्रीनें आपल्या खिडकींतून एक मनुष्य पाहिला. पाऊस पडत होता. तो भिंतीच्या कडेकडेनें चालत होता, हातांत कागद होता, आणि मधूनच तो बोटें भिंतीला पुशीत होता. तो ग्वील्येल्मो पियात्सा, आरोग्यखात्याचाच एक कारकून. बोटांची शाई पुशीत असावा. त्याला धरलें. छळ करून कबुलीजबाब घेतला. त्यानें जान जाकोमो मोरा नांवाच्या न्हाव्याचें नांव सांगितलें. १ ऑगस्ट १६३० रोजीं दोघांना अतिशय क्रूर रीतीनें देहान्त शिक्षा झाली. न्हाव्याचें घर पाडून त्या जागीं एक स्तंभ उभारला, तो १७७८ पर्यंत होता. त्यावरील निषेधाचा शिलालेख मिलानच्या जुन्या किल्ल्यांतील संग्रहालयांत अद्याप ठेवलेला आहे. ज्यांनीं तो कोरला त्यांचाच निषेध आतां त्यांतून वाचला जातो.

खिडकी तीच होती. चौपन्न वर्षांपूर्वी ज्या खिडकींतून शेजाऱ्याला स्तोत्राचें उत्तर मिळत होतें, त्याच नगराच्या खिडकींतून आतां शेजाऱ्यावर पाळत ठेवली जात होती. आम्ही ही तुलना जरा बेतानेंच करतों. १६३० चा रोग कितीतरी अधिक भयंकर होता. त्यानें नगराची सुमारें निम्मी वस्ती नेली. दुष्काळ आणि युद्ध आधींच लोकांचा जीव खाऊन बसलें होतें. केवळ घंटा वाजवून मोराचे प्राण वांचले असते, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

आपल्या मुंबई इलाख्याची हकीकत वाचकांस ठाऊक असेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत प्लेग आहे हें प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियु गाब्रिएल व्हिएगस हे गोव्याचे, आपल्याच धर्माचे. आणि त्यांच्या बोलण्यावरहि प्रथम सर्वांचा विश्वास बसला नाहीं. पुढें सरकारनें उपाय योजले ते बव्हंशीं धाकाचे होते. घरांत शिरून झडत्या, रोग्यांना ओढून नेणें, कुटुंबाची छावणींत रवानगी. रुग्णालयांत नेऊन माणसें मारतात, अशी आवई उठली. ऑक्टोबर १८९६ मध्यें गिरणी कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यास रँडसाहेबांचा खून झाला तो २२ जून १८९७ रोजीं, ह्याच झडत्यांच्या संतापांतून. उपाय सर्वच चुकीचे होते असें नव्हे. ते करणारा मनुष्य दाराशीं बसून बोलला नाहीं. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं वारल्या.

त्याच वर्षांत मुंबई, वांद्रें, साष्टी ह्या भागांतील आपल्या लोकांनीं वाड्यावाड्यांच्या तोंडाशीं क्रूस उभारले. त्यांपैकीं पुष्कळ अजून उभे आहेत. आपल्या वेशीवरचा क्रूस त्यांतलाच. त्यावर १८९७ हें साल आहे. संध्याकाळीं क्रूसापाशीं तेर्स म्हणावयाची चाल तेव्हांपासूनची, असें जुनीं माणसें सांगत. त्यांनीं मिलानचें नांवहि ऐकलें नसेल. ठरलेली वेळ, उघडी जागा, आणि शेजाऱ्याच्या आवाजांत मिसळलेला आपला आवाज. गरज तीच, म्हणून उपाय तोच सुचला असावा.

हें सर्व आम्हांला ठाऊक होतें. २०२० च्या मार्च महिन्यांत बंदी पुकारली गेली, तेव्हां आम्हीं देवळाचें फाटक लावलें, आणि तें योग्यच केलें. त्याच महिन्याच्या २७ तारखेस तेव्हांचे पोप फ्रान्सिस रोममध्यें रिकाम्या चौकांत, पावसांत, एकटे उभे राहिलेले आपण सर्वांनीं पडद्यावर पाहिले. इटलींत लोक पुनः सज्जांत येऊन गाऊं लागल्याच्या बातम्या आम्हीं वाचल्या आणि संत चार्ल्सांची आठवण येऊन क्षणभर समाधानहि पावलों. परंतु आपली घंटा मात्र आम्हीं बंद ठेवली होती. घंटा ऐकून लोक देवळाकडे येतील, पोलिसांचा बोल येईल, अशी आमची धास्ती. पास्काचा रविवार, १२ एप्रिल, घंटेवांचून गेला. त्या आठवड्यांत वाड्यांतील एका आजीबाईंचा दूरध्वनि आला. “फादर,” त्या म्हणाल्या, “देऊळ बंद केलंत तें समजलं. पण घंटेला कसला आजार झालाय?”

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळीं सातला घंटा होऊं लागली आणि लोक आपापल्या ओट्यावरून, खिडकींतून तेर्स म्हणूं लागले. पहिले दोन दिवस आवाज फुटत नव्हता; माणसें एकमेकांकडे पाहून लाजत होतीं. पुढें जमलें. एका घरचा आवाज बंद झाला तेव्हां तरुण मंडळींनीं चौकशी केली आणि आंत ताप घेऊन एकटे पडलेले गृहस्थ सांपडले. ते आज ठणठणीत आहेत.

दुसरी गोष्ट लिहावी कीं न लिहावी ह्याचा आम्हीं बरेच दिवस विचार केला. आपल्या धर्मग्रामांतील एक परिचारिका रोज शहरांतील रुग्णालयांत कामास जात असे. तिनें रोग घरीं आणूं नये म्हणून तिनें गांवांत येऊंच नये, असें सांगावयास कांहीं मंडळी आमच्याकडे आलीं. ती वाईट माणसें नव्हतीं. त्यांतील दोघे घंटेच्या वेळीं सर्वांत मोठ्यानें म्हणणारे होते. आम्हीं त्यांना परत पाठवावयास हवें होतें. आम्हीं तिला बोलावून, कांहीं दिवस रुग्णालयाजवळ सोय पाहावी, असा सल्ला दिला. ती कांहीं न बोलतां गेली आणि सहा आठवडे आली नाहीं. तिची आई त्या सहा आठवड्यांत एकदांहि खिडकींत दिसली नाहीं. मिलानची दुसरी गोष्ट आम्हांस ठाऊक असूनहि, ती आपल्याच गल्लींत घडत आहे हें आम्हांला त्या बंद खिडकीनें सांगितलें. मग आम्ही तिच्या दाराशीं गेलों, बाहेर उभे राहिलों आणि क्षमा मागितली. आई म्हणाली, “मुलीकडे मागा, फादर.” मुलीकडेहि मागितली. तिनें ती दिली; पण कशी दिली व काय बोलली, तें तिचें तिच्यापाशीं असूं द्या.

ज्युबिलीनिमित्त वेशीवरच्या क्रूसाला नवा रंग दिला आहे. १८९७ चा आंकडा पुसट झाला होता, तो गवंड्याकडून पुनः कोरून घेतला. त्याखालीं २०२० हा आंकडा घालावा असें कांहीं जणांचें म्हणणें पडलें. कांहींना तें नको आहे, रोज येतां जातां तें साल डोळ्यांपुढें नको असें ते म्हणतात. समितीच्या दोन सभांत निकाल लागला नाहीं. खालची जागा गवंड्यानें गुळगुळीत करून ठेवली आहे.